एल्बच्या वालुकाश्मात अर्धी प्रदक्षिणा

१. शनिवारी आम्ही पाच जण ड्रेस्डेनहून बाड शान्डाऊला गेलो आणि वालुकाश्माच्या डोंगरातली एक वर्तुळाकार वाट चालायला घेतली.
२. ही वाट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालायची असते. आम्ही काट्यांच्या दिशेने निघालो.
३. कारण धार्मिक होतं.
४. दिशा चुकते आहे हे पाचांपैकी दोघांना निघतानाच माहीत होतं.
५. त्यांपैकी एकीने ते सांगितलं.
६. जिथे फक्त वर चढायला परवानगी आहे अशा शिडीच्या वरच्या टोकाशी आम्ही उतरण्यासाठी उभे राहिलो. खालून येणाऱ्यांचा खोळंबा झाला.
७. स्टीलचा एक डबा शिडीवरून खाली गेला. तो परत मिळाला.
८. कोणालाही इजा झाली नाही.
९. ज्या गोष्टीसाठी हा प्रवास केला, तिचा निर्णय झालेला नाही.

मी ड्रेस्डेनमध्ये चिप तयार करणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. आमच्याकडे काही बिघडलं की आधी असं लिहितात. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, एवढंच. 'का' आणि 'कोणामुळे' यांची पानं नंतर येतात. हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण पुढच्या सुटीत कुठे जावं हे शोधत येतात. त्यांच्यासाठी गाडी, वाट, खाणं, स्वच्छतागृह हे सगळं खाली आहे. या वेळी ते माणसांच्या मध्येमध्ये शोधावं लागेल.

माणसं अशी. निनाद (नाव बदललं आहे, तो ओळखेल) रेगेन्सबर्गला असतो आणि गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो. माझ्या चुलतवहिनीने आमची ओळख करून दिली. चार महिने आम्ही फोनवर बोलतो आहोत. दोनदा होफला भेटलो, कारण ते गाव दोघांनाही सारखंच गैरसोयीचं आहे. उन्हाळ्यात त्याचे आईवडील सांगलीहून आले आणि माझी आई नाशिकहून. माझे बाबा आले नाहीत. गच्चीवरच्या कुंड्यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडता येत नाही असं त्यांचं मत आहे. तर दोन्ही घरांनी एकदा भेटावं असं ठरलं. नाशिकला असतो तर दिवाणखाना, पोहे आणि तासाभराचं अवघडलेपण यात काम झालं असतं. पण निनादची आई, म्हणजे काकू, म्हणाल्या, "परदेशात येऊन पुन्हा सोफ्यावरच बसायचं का? कुठेतरी डोंगरात जाऊ. माणूस चालताना कळतो."

हे वाक्य मला पटलं होतं. 'बघण्याचा कार्यक्रम' हा शब्द कोणीही वापरला नाही. सगळे 'हायकिंग' म्हणत होते.

वाट मी निवडली. गेल्या ऑक्टोबरात मी ती एकटीने पूर्ण केली होती. तिचं नाव मी इथे देत नाही, शनिवारी तिथे आधीच पुरेशी माणसं असतात. बाड शान्डाऊच्या माहिती केंद्रात या भागाचा नकाशा मिळतो, त्यावर शिड्यांच्या खुणा असतात. जी वाट आधी अरुंद घळीतून जाते, मग लोखंडी शिड्यांनी कड्यावर चढते, मग कड्याच्या काठाकाठाने फिरून रुंद उतारावरून परत फाट्याशी येते, ती ही.

ड्रेस्डेनहून एस-बान, म्हणजे लोकल गाडी, थेट जाते. डाव्या बाजूला बसा. पिर्ना सोडल्यावर एल्ब नदी त्या बाजूने सोबत येते आणि पलीकडे वालुकाश्माचे कडे उभे राहायला लागतात. उजव्या बाजूला बसलात तर लोकांच्या सायकली दिसतात. आम्ही उजवीकडे बसलो, कारण काकांनी, म्हणजे निनादच्या वडिलांनी, तिथे आधीच रुमाल टाकला होता. हा डबा सर्वांना खुला आहे, इथे कोणी जागा धरत नाही, हे त्यांना निनादने सांगितलं नाही. ती पहिली नोंद मी तिथेच करायला हवी होती.

बाड शान्डाऊचं स्टेशन नदीच्या अलीकडे आणि गाव पलीकडे आहे. मध्ये छोटी फेरीबोट चालते. आमच्या सगळ्यांकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट होतं, ते फेरीवरही चाललं, आणि पलीकडून डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या बसमध्येही. स्वच्छतागृह नदीकाठीच उरकून घ्या, पुढे तासन्‌तास नाही. सुटं नाणं जवळ ठेवा. पाचांपैकी चार जणांना माझ्याकडची नाणी लागली आणि त्यामुळे माझ्या आईच्या मते माझी पहिली छाप चांगली पडली.

पोशाखाबद्दल. काकूंनी पंजाबी ड्रेसवर निनादचं रेनकोटासारखं जाकीट घातलं होतं आणि पायात नवे बूट होते. माझी आई माझ्या जुन्या बुटांत, दोन मोजे चढवून. काका ऑफिसच्या चामड्याच्या बुटांत. "सह्याद्रीत मी याच बुटांनी फिरलोय," ते म्हणाले. ते पाण्याच्या खात्यात अभियंता होते आणि सह्याद्रीत जीपने फिरले होते, हे मला नंतर कळलं.

बस सोडल्यावर थोडं चढून आपण बीच नावाच्या उंच झाडांच्या झाडीत शिरतो. पायाखाली माती नसते, वाळू असते. पांढरट, बारीक, कोरडी. दोन्ही बाजूंचे कडे याच वाळूचे आहेत आणि हळूहळू परत वाळू होत आहेत. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली असतात, हात फिरवला तर कण सुटतात. मधली पार वाळलेली स्प्रूसची सूचिपर्णी झाडं पाहिली की जंगलातून अचानक वाळवंटात आल्यासारखं वाटतं.

"इथे पूर्वी वाळवंट असणार," काका म्हणाले.

"समुद्राचा तळ होता काका," मी म्हणाले. "वाळू साचून खडक झाला."

"हो हो, समुद्रच," काका लगेच म्हणाले. इतक्या चटकन कोणी माझ्याशी सहमत झालं की मला थोडं अस्वस्थ वाटतं.

मग फाटा आला. इथून वर्तुळ सुरू होतं. लाकडी खांबावर दोन पाट्या असतात, आणि खाली एक लहान चौकोनी पाटी, की पुढच्या शिड्या फक्त चढण्यासाठी आहेत, म्हणून वर्तुळ अमुक बाजूने चाला. म्हणजे डोंगर डाव्या हाताला ठेवून. मी घळीकडे वळणार, तेवढ्यात काकूंनी वर पाहिलं.

"अहो, ते बघा. गणपती."

झाडांच्या वर एक सुळका होता. एकदा सांगितल्यावर तो नाकारता येईना. रुंद डोकं, एका बाजूला खडकाची सोंड, पोटाचा फुगीर भाग. माझ्या आईने बूट घातलेले असल्यामुळे नुसतेच हात जोडले. काकूंनी वाटेकडे पाहिलं, पुन्हा सुळक्याकडे पाहिलं आणि उजव्या तर्जनीने हवेत गोल काढला.

"म्हणजे या डोंगराला वळसा घालायचा आहे ना? मग उजवी प्रदक्षिणा घालू या. असं," त्यांनी रुंद उताराकडे बोट दाखवलं. "आजच्या दिवशी देवाला डावं घालून कशाला निघायचं?"

मी म्हणाले, "काकू, पुढच्या शिड्यांवर फक्त चढता येतं, उतरता येत नाही. या बाजूने गेलो तर शिड्या शेवटी येतील आणि आपल्याला उतरावं लागेल."

"उतरायला काय, चढण्यापेक्षा सोपंच," काकू म्हणाल्या.

माझ्या आईने माझ्या कोपराला हळूच धरलं. नाशिकची सगळी भाषा त्या दोन बोटांत होती. पहिल्याच भेटीत वाद नको.

निनाद माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातात फोन होता आणि फोनवर याच वाटेचा आखलेला मार्ग उघडा होता. निळी रेघ, तिच्यावर दिशेचे बाण. बाण घळीकडे जात होते. त्याने स्क्रीन पाहिली, आईकडे पाहिलं, मग फोन खिशात ठेवला.

"चला," तो म्हणाला.

आमच्या कारखान्यात कोणतीही महत्त्वाची कृती एका माणसाच्या शब्दावर बदलत नाही. दुसऱ्याने पाहून दुजोरा द्यावा लागतो. जर्मन लोक त्याला चार डोळ्यांचा नियम म्हणतात. फाट्यावर चार डोळ्यांनी ती पाटी वाचली होती. दोन डोळे बोलले.

उलट दिशेने चालण्याचा पहिला अर्धा भाग फार सुखाचा असतो. रुंद वाट, सावली, हलका चढ. काका खूश होते. निनादने दोन्ही घरांच्या पिशव्या घेतल्या होत्या आणि आपली काठी माझ्या आईला दिली होती. वर, काठी कशी धरायची हे तिला लाज वाटणार नाही अशा बेताने दाखवलं होतं. हेही नोंदवते, कारण नोंद एकतर्फी नसावी.

समोरून माणसं यायला लागली. आधी दोघं, मग कुटुंब, मग एक पूर्ण क्लब. प्रत्येक जण "हालो" म्हणत होता आणि काकू प्रत्येकाला नमस्कार करत होत्या.

"किती लवकर संपलं यांचं," काकू म्हणाल्या.

"जर्मन लोक पहाटे उठतात," काकांनी खुलासा केला.

"शिस्त," माझी आई म्हणाली.

सगळा सॅक्सनी प्रांत समोरून येत होता आणि आम्ही त्याच्या शिस्तीचं कौतुक करत उलट चाललो होतो. मी निनादकडे पाहिलं. तो एका नेच्याकडे फार लक्षपूर्वक पाहत होता.

काठावर पोचलो की मात्र कोणतीही दिशा चुकीची वाटत नाही. झाडी एकदम संपते आणि समोर नदीचं मोठं वळण, त्यापलीकडे सपाट माथ्याचे डोंगर, जणू कोणी वरून सुरीने कापलेत. काठाच्या खडकावर वाळूचा पातळ थर असतो. त्यावर बूट घसरतात, म्हणून जिथे कठडा आहे तिथेच उभे राहा. फोटोसाठी कठड्याबाहेर जाणारे लोक दिसतील. त्यांच्याकडे पाहू नका.

जेवण तिथेच झालं. माझ्या आईने दशम्या आणल्या होत्या. काकूंनीही दशम्या आणल्या होत्या. दोघींनी एकमेकींची चाखली आणि "छान झालीय हं" म्हटलं, आणि दोघींनाही त्याचा अर्थ कळला. शेंगदाण्याची चटणी काकूंची निर्विवाद वरचढ होती. ती एका जुन्या स्टीलच्या डब्यात होती, झाकणावर निनादच्या आजोबांचं नाव कोरलेलं.

"तू त्या स्वच्छ खोलीत काम करतेस म्हणे," काकूंनी विचारलं. "म्हणजे नेमकं काय?"

"तिथे धूळ अजिबात चालत नाही. डोक्यापासून पायापर्यंत झाकून जावं लागतं."

"आणि घरी?"

"घरी चालते."

काकू मोठ्याने हसल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या होत्या. चुकीची दिशा घेणारं माणूस आवडू नये असा काही नियम नाही.

आता शिडीचं. ज्यांना ही वाट चालायची आहे त्यांनी हे नीट वाचावं. काठावरून एक अरुंद भेग खाली घळीत उतरते. दोन कड्यांच्या मध्ये एका माणसापुरती जागा, तिच्यात एकाखाली एक लोखंडी शिड्या, काही ठिकाणी खडकात ठोकलेले नुसते गज. खालून चढताना समोर खडक असतो, हात आपोआप योग्य जागी जातात आणि भीती वाटत नाही. ऑक्टोबरात मी चढले तेव्हा घळीत ओल होती, भिंतींवर शेवाळ, वर आकाशाची एक फट, आणि मी इतकी खूश होते की वर आल्यावर एका अनोळखी माणसाने दिलेलं अर्धं सफरचंद खाल्लं. मी अनोळखी माणसांकडून काही घेत नाही. वरून मात्र तीच भेग विहिरीसारखी दिसते.

भेगेच्या तोंडाशी लाल गोल पाटी होती, मध्ये पांढरी पट्टी. ती सांगलीतही कळते.

काकू पाटीकडे पाहत असतानाच भेगेतून एक डोकं वर आलं. आखूड पांढरे केस, गळ्यात शिट्टी, साठीपुढच्या बाई. मागे त्यांचा पूर्ण गट शिडीवर खोळंबलेला. त्यांनी आम्हा पाचांकडे पाहिलं, काकांच्या बुटांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या की ही आइनबानश्ट्रासं आहे. एकेरी वाट. फक्त वर.

"काय म्हणतायत?" काकूंनी निनादला विचारलं.

"म्हणतायत, थोडं थांबा," निनाद म्हणाला.

मी शांत राहू शकले असते. माझ्या आईची दोन बोटं पुन्हा माझ्या कोपरावर आलीच होती.

"काकू, त्या म्हणतायत की इथून उतरता येत नाही. ही वाट फक्त वर येण्यासाठी आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"हे आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं?"

मी निनादकडे पाहिलं. हे उत्तर माझं नव्हतं.

"निनाद, तुला जर्मन वाचता येतं ना? खाली त्या खांबावर काय लिहिलं होतं?"

"हेच."

"तू वाचलंस?"

"हो."

"मग?"

"तू म्हणालीस ना, उजवीकडून."

काकू खडकावर बसल्या. त्यांचा आवाज चढला असता तरी चाललं असतं, शिडीवरचे सगळे तसेही ऐकतच होते. भाषा येत नसली तरी कुटुंब कोणालाही कळतं.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "तुम्हालाही माहीत होतं?"

"मला वाटलं निनादला माहीत असेल," काका नदीकडे पाहत म्हणाले.

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "सांगलीला घराची जागा मी पसंत केली. गच्चीतून नदी दिसते म्हणून. पूररेषा कुठे आहे हे यांना माहीत होतं, जन्म त्याच कामात गेला. बोलले नाहीत. माजघरात पाणी आलं तेव्हा म्हणाले, तूच म्हणालीस ना. आमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही असं नाही, बाई. सगळे ऐकतात. तेच दुखणं आहे. चुकले तर माझी मी एकटीच चुकते."

काका आणि निनाद, दोघांची उभं राहण्याची पद्धतही सारखी आहे, डावा हात उजव्या हाताने धरून. हे मला होफला दोनदा भेटून दिसलं नव्हतं. माणूस चालताना कळतो, हे खरंच.

"आणि तू," काकू मला म्हणाल्या, "तू बोललीस. पण एकदाच बोललीस."

"एकदा नीट सांगितलं की पुरतं, असं मला वाटतं."

"कारखान्यात पुरत असेल."

हे वाक्य मी तेव्हाच मनात उतरवून घेतलं.

काकू उठल्या, जेवणानंतर स्वतःकडे घेतलेली पिशवी सावरली, आणि चटणीचा डबा निसटून भेगेत गेला. लोखंडी शिडीवर स्टीलचा डबा पडत जातो तेव्हा प्रत्येक गजाची वेगळी नोंद होते. शिडीवरचे सगळे खडकाला चिकटले. शेवटी खालून कोणीतरी ओरडून सांगितलं की सापडला. मग तो वर यायला लागला. एका हातातून दुसऱ्या हातात, प्रत्येकाचं "बिटं", म्हणजे घ्या, आणि पुढच्याचं "डांकं", म्हणजे धन्यवाद, झाकणासकट. पांढऱ्या केसांच्या बाईंनी तो काकूंच्या हातात ठेवला, झाकणाला लागलेली चटणी बोटाने पुसून चाखली आणि मान डोलावली. आमच्या सामानापैकी योग्य दिशेने वर आलेली ती एकमेव वस्तू.

काकूंनी सगळ्या गटाला वर येऊ दिलं, प्रत्येकाला दशमी दिली. जेवणानंतर उरलेल्या त्या दशम्या माझ्या आईच्या होत्या, हे आईने घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

मग आम्ही आलो त्याच वाटेने परत निघालो. वर्तुळ अर्धं झालं होतं आणि घळ पाहायची राहिली होती. बरंच चालल्यावर काका थांबले. फाटा सोडल्यापासून त्यांनी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य हे होतं, मधलं सगळं सहमतीचं किंवा खुलाशाचं होतं.

"महादेवाला प्रदक्षिणा अशीच घालतात," ते म्हणाले. "पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथूनच मागे फिरायचं."

काकू मागे वळल्या. "गणपती होता तो."

"खालून गणपती," काका म्हणाले. "वरून पाहिला तर पिंड दिसते. मी पाहिलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आता सांगतोय ना."

काकूंना हसू आवरेना. माझी आईही हसली, आणि तिचा हात दुपारपासून पहिल्यांदाच माझ्या कोपरावरून निघाला.

निनाद माझ्याबरोबर चालत होता. बाकीचे पुढे गेल्यावर तो म्हणाला, "मला वाद नको होता."

"वाद मी घातला असता. तू फक्त फोन पुढे करायचा होतास."

"तू स्क्रीन पाहिलीस?"

"हो."

त्याने फोनच्या खिशावर हात ठेवला. मी विचारलं, "तुमच्याकडे चाचणीत ब्रेक लागला नाही तर तू काय करतोस?"

"लिहून कळवतो. त्याच दिवशी."

"तोंडी नाही?"

"तोंडी बोललेलं कोण ऐकतं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं.

खाली फेरीच्या धक्क्याजवळ कॉफीची जागा आहे. रोख पैसे ठेवा, कार्ड चालत नाही. इथे आयरशेक्के मिळतो, तीन थरांचा सॅक्सन केक, मधला थर चक्क्यासारखा. ड्रेस्डेनपेक्षा इथला बरा. निनादने सगळ्यांसाठी आणला. काकूंनी चमचा उचलला आणि विचारलं, "यात अंडं आहे का रे?"

काकू अंडं खात नाहीत. केक समोर होता, दिवस लांबलचक झाला होता, आणि 'नाही' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. निनादने काकांकडे पाहिलं. काकांनी नदीकडे पाहिलं.

"आहे," निनाद म्हणाला. "बरीच आहेत."

काकूंनी बशी काकांकडे सरकवली. "बघ," त्या म्हणाल्या. "जमतं."

फेरीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मी ब्लॉग लिहिते हे आईने त्यांना सांगितलं होतं. "आजचं लिही," त्या म्हणाल्या. "माझं गणपतीचंही लिही. हा फोनवर हो हो करतो, लिहिलेलं मात्र वाचतो. त्याला काय विचारायचं ते लिहूनच विचार." मी म्हटलं, असलं मी जाहीर लिहीत नाही. काकू म्हणाल्या, "एकदा सांगून झालंय तुझं. आता दुसऱ्यांदा सांग." हा मजकूर मी त्यांना फोनवर वाचून दाखवला आहे. बुटांचा उल्लेख काढावा अशी काकांची इच्छा होती. ते स्वतः बोलले असते तर काढला असता. निरोप काकूंनी दिला.

घरी आल्यावर आईने बूट बाल्कनीत उपडे केले. वाळू पडली, बशीभर. समुद्राच्या तळाची, मग डोंगराची, आता माझ्या तिसऱ्या मजल्याची. मी ती अजून झाडलेली नाही. आईने विचारलं, "बाबांना काय सांगू?" मी म्हटलं, थोडं थांब. ती म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं." मुलगा चांगला आहे. माझ्या आईला त्याने काठी दिली, शिडीच्या तोंडाशी तो सगळ्यांच्या पुढे, पडलं तर आधी आपण अशा बेताने उभा होता. मला तो आवडतो. हे वाक्य लिहायला मला या लेखातल्या बाकी सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

पण मी ज्या घरात जाईन तिथे काकूंची जागा मला नको आहे. जिचं सगळे ऐकतात, आणि पाणी आत आल्यावर जिला सांगतात, तूच म्हणाली होतीस. माझीही दिशा कधीतरी चुकेल. तेव्हा फोन खिशात न ठेवणारं माणूस शेजारी हवं. केकपुरतं ते जमलं. शिडीवर जमेल का, हे मला माहीत नाही, आणि अंदाजाने मी काही मंजूर करत नाही.

वाचकांसाठी : वाट उत्तम आहे. बाणांच्या दिशेने चाला.

निनाद, पुढच्या शनिवारी मी ती पुन्हा चालणार आहे, घळीकडून. सकाळची एस-बान, डावी बाजू. तू येणार असशील तर दोघंच जाऊ. वाटेत मी एकदा मुद्दाम चुकीचं वळण सुचवेन, कुठे ते सांगणार नाही. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव. लिहून चालेल. 'आई म्हणेल तसं' हे उत्तर धरलं जाणार नाही, आणि 'तू म्हणशील तसं' हेही नाही.